टीव्हीवर एचडी व्हिडिओ बघायला मीडिया प्लेयर घ्यावा की घरचा पीसीच जोडावा?

मी शिवाजी पेठेत राहतो आणि सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. म्हणजे आमच्या गल्लीच्या हिशोबाने प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत सगळं मला कळायलाच पाहिजे! त्यातला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हा: "टीव्हीवर नीट एचडी व्हिडिओ बघायचेत. घरात पीसी आहे, तोच जोडू का वेगळा प्लेयर घेऊ?"

बहुतेक जण याचं उत्तर रॅम आणि प्रोसेसर बघून देतात. खरं तर बघायची गोष्ट दुसरीच आहे. ती एकदा समजली की दुकानदाराला विचारायची सुद्धा गरज पडत नाही.

आधी थोडक्यात उत्तर

- फक्त ओटीटी आणि यूट्यूब बघायचं असेल, तर नामांकित कंपनीची स्ट्रीमिंग स्टिक पुरे.
- फोनवर शूट केलेले किंवा हार्ड डिस्कवरचे ४के व्हिडिओ बघायचे असतील, तर यूएसबी पोर्ट असलेला आणि १०-बिट एचईव्हीसी चालवणारा बॉक्स बघा.
- एडिटिंग, जुन्या डीव्हीडी, चित्रविचित्र फॉरमॅट असं सगळं असेल, तर पीसीला पर्याय नाही.
- पीसी २०१६ च्या आधीचा असेल तर १०८०पी साठी ठीक, ४के साठी त्याच्या भरवशावर राहू नका.

आता यामागचं कारण बघू.

मीडिया प्लेयर म्हणजे नक्की काय?

टीव्हीला एचडीएमआयने जोडायचा छोटा कॉम्प्युटर, एवढंच. २००८ च्या आसपास 'डब्ल्यूडी टीव्ही'सारखे डबे आले. त्यांना हार्ड डिस्क लावायची आणि रिमोटने पिक्चर बघायचा. २०१३ मध्ये क्रोमकास्ट आला, २०१७ मध्ये फायर टीव्ही स्टिक भारतात आली आणि डब्याची स्टिक झाली. आज स्टिक, अँड्रॉइड टीव्ही बॉक्स, ॲपल टीव्ही, रास्पबेरी पाय हे सगळे याच घरातले.

पीसी सगळी कामं करतो, म्हणून महाग असतो. प्लेयर एकच काम करतो, म्हणून स्वस्त असतो. पण ते एक काम तो कधी कधी पीसीपेक्षा चांगलं करतो. कसं?

व्हिडिओ अडकतो तो कशामुळे?

एक साधा हिशोब करू. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, म्हणजे एका फ्रेममध्ये जवळपास ८३ लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट आणि सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला सुमारे १.५ जीबी डेटा होतो. मिनिटाला जवळपास ९० जीबी! असं असतं तर तुमचा फोन दीड-दोन मिनिटांतच भरला असता.

प्रत्यक्षात आयफोनवर ४के ६० फ्रेमचा एक मिनिटाचा व्हिडिओ साधारण ४०० एमबी होतो. म्हणजे दोनशे पटीहून जास्त दाबून तो साठवला जातो. हे दाबण्याचं आणि परत उलगडण्याचं तंत्र म्हणजे कोडेक. उलगडण्याला म्हणतात डिकोडिंग.

डिकोडिंग दोन प्रकारे होतं:

१. सॉफ्टवेअर डिकोडिंग: मुख्य प्रोसेसर सगळं गणित स्वतः करतो. पंखा घोंघावतो, पीसी तापतो, तरी जमलं नाही की व्हिडिओ अडकतो.

२. हार्डवेअर डिकोडिंग: चिपमध्ये त्याच कामासाठी वेगळा भाग बसवलेला असतो. तो शांतपणे, थोड्या विजेत काम उरकतो.

म्हणून अंगठ्याएवढी स्टिक ४के आरामात चालवते आणि कधीकाळी ५० हजारांना घेतलेला पीसी त्याच फाईलवर धापा टाकतो. त्या पीसीत ताकद कमी नाही, त्या कोडेकचा डिकोडर नाही. म्हणजे प्रश्न 'किती पॉवरफुल' हा नाहीच. प्रश्न 'माझ्या व्हिडिओचा डिकोडर यात आहे का' हा आहे.

चार कोडेक लक्षात ठेवा

- एच.२६४ (२००३): सगळ्यात जास्त चालणारा. जुना पीसी, जुना टीव्ही, कुठंही चालतो.
- एचईव्हीसी किंवा एच.२६५ (२०१३): तेवढीच क्वालिटी साधारण निम्म्या जागेत. आजचे बरेच फोन ४के व्हिडिओ यातच शूट करतात.
- व्हीपी९ (२०१३): गुगलचा. यूट्यूबवर भरपूर वापरला जातो.
- एव्ही१ (२०१८): सगळ्यात नवीन. यूट्यूब आणि नेटफ्लिक्स दोघेही वापरतात.

याशिवाय '८-बिट' आणि '१०-बिट' असा एक फरक असतो. एचडीआर व्हिडिओ साधारणपणे १०-बिट असतो. नुसतं 'एचईव्हीसी सपोर्ट' लिहिलंय म्हणून खूश होऊ नका, १०-बिट आहे का ते बघा.

आधी आपली फाईल ओळखा

खरेदीच्या आधी हे पाच मिनिटांचं काम करा:

१. तुम्ही खरोखर बघता त्यातल्या चार-पाच फाईल निवडा. एक फोनवरची, एक लग्नाची, एक जुन्या डीव्हीडीची, अशा.
२. पीसीवर व्हीएलसीमध्ये फाईल चालू करून कंट्रोल आणि जे दाबा. कोडेक, रिझोल्यूशन, फ्रेम रेट सगळं दिसेल. फोनवर 'मीडियाइन्फो' ॲप हेच काम करतं.
३. त्याच फाईल पेन ड्राइव्हवर घेऊन थेट टीव्हीच्या यूएसबी पोर्टला लावा.

तिसरी पायरी कोणी करत नाही. गेल्या काही वर्षांतला स्मार्ट टीव्ही असेल तर तो स्वतःच एचईव्हीसी चालवण्याची शक्यता चांगली आहे. चाललं तर प्रश्न मिटला, खर्च शून्य!

पेन ड्राइव्ह एफएटी३२ फॉरमॅटमध्ये असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल त्यावर जात नाही. तेव्हा एक्सएफएटी किंवा एनटीएफएस वापरा, पण टीव्ही ते वाचतो का हे तपासा. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी कॉपी काढून ठेवा.

आणखी एक. शाहू स्टेडियमवरच्या मॅचचा गोल फोनवर ४के मध्ये टिपला, व्हॉट्सॲपवर मित्राला पाठवला आणि त्याच्या टीव्हीवर तो धूसर दिसला, तर दोष प्लेयरचा नाही. व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला की मूळ फाईल जाते.

पीसी वापरायचा तर कोणता चालेल?

इंटेलचा प्रोसेसर असेल तर पिढी बघा:

- ५ वी पिढी आणि त्याआधी: एच.२६४ मस्त. एचईव्हीसी १०८०पी बहुतेक वेळा प्रोसेसरच्या जोरावर निभावतं. ४के एचईव्हीसी अवघड.
- ६ वी पिढी (२०१५): ८-बिट एचईव्हीसीचा पूर्ण हार्डवेअर डिकोडर.
- ७ वी पिढी (२०१६-१७): १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ सुद्धा. ४के साठी ही खरी सीमारेषा.
- ११ वी पिढी (२०२०): एव्ही१ आला. (डेस्कटॉपमध्ये मॉडेलप्रमाणे एकदा खात्री करा.)

वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेपासून एव्ही१ डिकोडिंग मिळतं.

डिकोडर खरंच काम करतोय का ते बघायचं असेल तर विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयू निवडा आणि 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख बघा. व्हिडिओ चालू असताना तो हलत असेल तर हार्डवेअर काम करतंय. तो शून्यावर आणि सीपीयू ९० टक्क्यांवर असेल, तर बिचारा प्रोसेसर एकटाच ओझं वाहतोय.

नंतर एचडीएमआय बघा. एचडीएमआय १.४ वरून ४के जास्तीत जास्त ३० हर्ट्झने जातं. ६० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.० लागतो. जुन्या लॅपटॉपवर ४के टीव्हीचा माउस पॉइंटर जडजड हलतो, त्याचं एक कारण हे.

अजून एक, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पीसीवर विंडोज ११ चढत नसेल, तर फक्त व्हिडिओसाठी त्यावर लिनक्स किंवा 'लिब्रेइलेक' टाकता येतं. लिब्रेइलेक टाकलं की पीसी सुरू होताच थेट 'कोडी' उघडतं आणि पीसीचाच मीडिया प्लेयर होतो.

प्लेयर घ्यायचा तर काय बघून?

१. कोडेक: १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ हवेतच. एव्ही१ असेल तर पुढची काही वर्षं निवांत.

२. यूएसबी: बऱ्याच स्टिकला एकच पोर्ट असतो आणि तोही वीज घेण्यासाठी. हार्ड डिस्क लावायची असेल तर पूर्ण यूएसबी पोर्ट असलेला बॉक्सच घ्या.

३. नेटवर्क: पेठेत घराला घर लागून आहे, फोनमध्ये एका वेळी वीस-पंचवीस वायफाय दिसतात. २.४ गिगाहर्ट्झवर सगळ्यांची गर्दी होते. ५ गिगाहर्ट्झ वायफाय किंवा लॅनचा पोर्ट असलेलं मॉडेल घ्या.

४. आवाज: "चित्र दिसतंय पण आवाज येत नाही," ही तक्रार कायम येते. बहुतेक वेळा ऑडिओ डीटीएस फॉरमॅटमध्ये असतो आणि टीव्ही तो ओळखत नाही. सॅमसंगने २०१८ पासूनच्या टीव्हींमध्ये डीटीएस काढून टाकला. अशा वेळी व्हीएलसी किंवा कोडी ॲप चालवणारा प्लेयर उपयोगी पडतो, कारण ते आवाज स्वतः उलगडून साध्या रूपात टीव्हीकडे पाठवतात.

५. कंपनी: अनोळखी नावाचे, 'सगळे चॅनेल फुकट' म्हणून विकले जाणारे बॉक्स घेऊ नका. 'बॅडबॉक्स' नावाचा मालवेअर अशा स्वस्त अँड्रॉइड बॉक्समध्ये आधीपासूनच बसवलेला सापडला आहे आणि जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याबद्दल जाहीर इशारा दिला. हा बॉक्स तुमच्याच वायफायवर, तुमच्या बँकेच्या ॲपवाल्या फोनशेजारी बसणार आहे, हे विसरू नका.

नवीन म्हणजे सगळ्याच बाबतीत पुढे, असंही नाही. २०१९ च्या रास्पबेरी पाय ४ मध्ये एच.२६४ आणि एचईव्हीसी दोन्हींचे हार्डवेअर डिकोडर आहेत. २०२३ च्या पाय ५ मध्ये एच.२६४ चा डिकोडर काढून टाकलाय, ते काम वेगवान प्रोसेसरवर सोपवलंय. म्हणून मॉडेलचं नाव सोडा, यादी वाचा.

२४ फ्रेमचं गणित: कोल्हापूरकरांसाठी खास

'अयोध्येचा राजा' हा मराठीतला पहिला बोलपट प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये काढला, तो इथं कोल्हापुरात. (प्रभात नंतर, १९३३ मध्ये, पुण्याला गेली.) बोलपट आल्यावर सिनेमाचा वेग सेकंदाला २४ फ्रेम असा पक्का झाला आणि आजही बहुतेक सिनेमे त्याच वेगाने बनतात.

आता टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. ६० भागिले २४ म्हणजे अडीच. अर्धी फ्रेम तर दाखवता येत नाही! म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा, अशी कसरत चालते. कॅमेरा हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरतो तेव्हा चित्राला बारीक झटके बसतात, ते यामुळे. लग्नाचे व्हिडिओ आपल्याकडे बऱ्याचदा २५ फ्रेमचे असतात, त्यांचंही ६० शी जमत नाही.

यावर उपाय म्हणजे 'मॅच फ्रेम रेट' ही सेटिंग. चांगल्या प्लेयरमध्ये ती असते. फाईल २४ ची असेल तर टीव्हीला २४ हर्ट्झवर नेते, २५ ची असेल तर ५० वर. पीसीवर कोडीमध्ये हे जमतं, पण साधं ब्राउझर किंवा व्हीएलसी उघडलं तर डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हाताने बदलावं लागतं. इथं प्लेयरला एक मार्क जास्त.

आणि जुने सिनेमे जवळपास चौकोनी असतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या तर तसंच राहू द्या. 'फुल स्क्रीन' करून ताणलं की सगळे कलाकार जाडे दिसतात.

ओटीटीची गोष्ट वेगळी

स्वतःच्या फाईलला कोणी अडवत नाही, ओटीटीला मात्र कॉपीपासून संरक्षण असतं. अँड्रॉइड उपकरणांत 'वाइडवाइन' नावाची व्यवस्था असते. त्यात एल१ असेल तर एचडी आणि ४के मिळतं. फक्त एल३ असेल तर नेटफ्लिक्ससारखं ॲप एचडीच देत नाही, टीव्ही कितीही भारी असो. पीसीवर ४के साठी एज ब्राउझर, एचडीसीपी २.२ असलेली स्क्रीन, एचईव्हीसी एक्स्टेन्शन अशा अटी लागतात. एवढ्या उठाबशा काढण्यापेक्षा ओटीटीसाठी मान्यताप्राप्त स्टिक घेतलेली बरी.

फोनवरून कास्ट केलं तर?

दोन गोष्टींत गल्लत होते. यूट्यूबमधलं कास्टचं बटण दाबलं की फोन फक्त 'हा व्हिडिओ लाव' एवढं सांगतो आणि टीव्ही तो थेट इंटरनेटवरून घेतो. क्वालिटी पूर्ण मिळते. स्क्रीन मिररिंगमध्ये मात्र फोन आपली स्क्रीन पुन्हा दाबून वायफायवरून पाठवत राहतो. चित्र खराब, बॅटरी फस्त. स्वतःच्या व्हिडिओसाठी मिररिंग ही शेवटची सोय समजा.

विजेचा हिशोब

डेस्कटॉप व्हिडिओ चालवताना ८० वॅट घेतो आणि स्टिक ५ वॅट, असं धरू. रोज तीन तास म्हणजे महिन्याला ९० तास. डेस्कटॉपचे ७.२ युनिट, स्टिकचं अर्धं युनिटसुद्धा नाही. युनिटला ८ रुपये धरले तर ५८ रुपये विरुद्ध ४ रुपये. फरक फार मोठा नाही, म्हणून वीजबिलासाठी नवीन वस्तू घेऊ नका. पण लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर हाच फरक चांगला जाणवतो. लॅपटॉप किंवा इंटेल एन१०० सारख्या चिपचा मिनी पीसी असेल तर हा मुद्दा जवळपास संपतोच. एन१०० ला एव्ही१ सुद्धा झेपतं.

तीन घरं, तीन उत्तरं

पहिलं घर: आमच्या गल्लीतला एक मित्र लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच्याकडे चांगल्या ग्राफिक्स कार्डचा पीसी आहेच. त्याला मी सांगितलं, लांब एचडीएमआय केबल घे आणि विषय संपव.

दुसरं घर: शेजारच्या काकू. मालिका, यूट्यूबवरची कीर्तनं आणि पुण्याच्या नातीचे फोटो. त्यांच्या टीव्हीला पाच हजारांच्या आतली स्टिक लावली. रिमोटवर बटणं कमी, बोलून शोधता येतं. त्यांना पीसीचा माउस आणि अपडेटचे मेसेज दिले असते तर टीव्ही बंदच राहिला असता.

तिसरं घर आमचं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कुरुंदवाडला मामाच्या घरात पाणी शिरलं आणि कपाटातल्या कॅसेट गेल्या. त्यात आई-मामाच्या लग्नांचं शूटिंग होतं. त्यातली एक कॅसेट बाबांनी आधीच कॉम्प्युटरवर उतरवून घेतली होती, म्हणून ती तेवढी वाचली. त्या फाईलमध्ये आजोबा चालताबोलताना दिसतात. दुसरीकडे कुठं ते हलत्या चित्रात नाहीत. आजीला ती फाईल वर्षातून चार-पाच वेळा बघायची असते, आणि मी ऑफिसला असताना, स्वतःच्या हाताने.

म्हणून आमच्याकडे दोन्ही आहे. जुन्या पीसीत सगळे व्हिडिओ ठेवलेत आणि त्यावर 'जेलीफिन' हा मोफत सर्व्हर चालतो. टीव्हीला एक साधा बॉक्स आहे, त्यातलं जेलीफिनचं ॲप घरच्या वायफायवरून फाईल घेतं. इंटरनेट नसलं तरी चालतं. डिकोडिंग बॉक्स करतो, त्यामुळे जुन्या पीसीवर ताण येत नाही. आजी रिमोटवर तीन बटणं दाबते आणि आजोबा टीव्हीवर येतात.

पण पीसी असो की प्लेयर, दोन्ही फक्त दाखवायची साधनं आहेत, जपायची नाहीत. हार्ड डिस्क एक दिवस बंद पडतेच. घरातल्या व्हिडिओच्या किमान दोन प्रती ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरात किंवा क्लाउडवर. आमची दुसरी प्रत आत्याकडे आहे, तिसऱ्या मजल्यावर.

नेहमीचे प्रश्न

पीसीत १६ जीबी रॅम आहे, तरी ४के अडकतो. रॅम वाढवू का?
नको. आधी 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख बघा. डिकोडर नसेल तर रॅमने काही फरक पडत नाही.

फोनचे व्हिडिओ सगळीकडे चालावेत म्हणून काय करू?
कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'हाय एफिशियन्सी' बंद करा. आयफोनमध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. व्हिडिओ एच.२६४ मध्ये शूट होतील, जागा मात्र जास्त लागेल. आयफोनवर ४के ६० फ्रेमला एचईव्हीसीच लागतो.

टीव्ही १०८०पी आहे. ४के प्लेयर घेऊ का?
चालेल. तुमच्या फोनच्या ४के फाईल तो डिकोड करून लहान करून दाखवेल. १०८०पीपुरता असलेला प्लेयर ती फाईल उघडणारही नाही.

जुन्या डीव्हीडी एचडी होतील का?
नाही. आपल्याकडची डीव्हीडी ७२० गुणिले ५७६ ची असते. प्लेयर ती मोठी करून दाखवतो, नवीन तपशील येत नाही.

खरेदीला जाताना

दुकानात जाताना तुमच्या त्या चार-पाच फाईलचा पेन ड्राइव्ह खिशात ठेवा आणि "लावून दाखवा" म्हणा. घरात सगळ्यात जास्त टीव्ही कोण बघतं तेही आठवा. रिमोट त्यांच्या हातात जाणार आहे. शंका असेल तर फाईलचा कोडेक आणि पीसीचं मॉडेल कमेंटमध्ये लिहा, बघून सांगतो.